जोडणी

रिक्षावाला कॅम्पपर्यंत दीडशे म्हणाला,
तेव्हा हे म्हणाले, चालूया, चाललं की थंडी कमी वाजते.
अनगोळमधून निघालो तिघं.
भाविकाच्या डोक्यावर गेल्या साली घट्ट झालेली कानटोपी,
माझ्या साडीवर यांचं जुनं स्वेटर,
यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर.
रविवारी तो कशाला, मी विचारलं नाही.
काही माणसं पेन ठेवतात.

दुसऱ्या गेटच्या पलीकडं
शेंगा भाजणारा आधी कानडीत ओरडला, मग मराठीत,
मग नुसतंच कढईवर उलथनं वाजवलं.
दहाच्या घेतल्या. हात शेकले आधी, मग खाल्ल्या.

कॅम्पात वळलो तर पोरगी थांबलीच.
गल्लीभर तारे,
प्लॅस्टिकचे, कागदाचे, एक बांबूच्या काड्यांचा,
झेंडूच्या माळा सोडाव्यात तशा गॅलरीतून दिव्यांच्या माळा सोडलेल्या,
अंगणात गोठा, गवताचं छप्पर, आरशाचं तळं,
तळ्याकाठी पेरलेली नाचणी बोटभर उगवलेली.
"बाळ कुठाय, मम्मी?"
"यायचंय अजून. परवा रात्री."
तिला ते पटलं. रिकाम्या गवताकडं बघून
ती हळू बोलायला लागली.

आणि हे? बारा दिवस शिडीवर चढून
यांनीच लावलेत यातले निम्मे, भर उन्हात, न पेटलेले.
आज पेटलेत तर हे बघतात वायरी.
"काय बघालाय हो वर?"
"ती जोड बघ. टेप कमी मारलीया पोरानं."
मग भाविकाला सांगतात, जुन्या माळेत
एक बल्ब गेला की सगळी माळ जायची,
रात्रभर एकेक काढून बघावा लागायचा.
आता तसं नाही. जातो तो एकटाच जातो.
ती तोंडात शेंग धरून मोजत होती.
अडतीस. एकोणचाळीस.

चाळीसावं घर काळोखात.
गॅलरीत हूक दिसत होता, तारा नव्हता.
"पियेदादबायचं घर हे," म्हणाले,
"दरवर्षी पहिला फोन तिचाच. यंदा आलाच नाही.
फ्यूज असंल." आणि हात खिशाकडं.
मी म्हटलं, राहू द्या आज. तोवर फाटक उघडलेलं.

बाय दारात आली. काळी साडी.
"नाका रे पुता. फ्यूज नाही. मिंगेल गेला, ऑगस्टात.
यंदा तारो लावायचा नाही."
बेकरीतला मिंगेल. पहाटे चारला भट्टी लावणारा,
शिडी धरायचा खालून आणि वर बघून सूचना द्यायचा,
सगळ्या चुकीच्या.
हे काहीच बोलले नाहीत. टेस्टर
अर्धा खिशाच्या बाहेर, तसाच.

बसा म्हणाली. पायरीवर बसलो.
आतून ताटली आणली, नेवऱ्या, कुलकुलं,
"आमच्या घरची नव्हेत हां. आम्ही यंदा तळत नाही.
शेजाऱ्यांनी धाडली."
मला माहीत होतं.
ज्या साली आमचा आकाशकंदील माळ्यावर राहिला
त्या साली चार घरांच्या करंज्या
चार वेगळ्या डब्यांतून आल्या होत्या,
आणि डबे परत देताना
रिकामे कसे द्यायचे, म्हणून मी साखर घातली होती.
ताटली परत देताना भाविकानं
मुठीतल्या उरलेल्या शेंगा तीत ठेवल्या.
मी सांगितलं नव्हतं.

परत येताना गेट पडलेलं.
मालगाडी. डबे संपता संपेनात.
दातावर दात वाजत होते, यांनी स्वत:ची शालही मला दिली
आणि म्हणाले मला गरम होतंय, खोटंच.
"किती झाले गं तारे?"
"बावन्न."
"बायचं घर धरून?"
तिनं जरा विचार केला. गार्डाचा डबा गेला, लाल दिवा हलत.
"धरून," म्हणाली.
गेट वर गेलं.
आमच्या आधी एक सायकलवाला
बिनदिव्याचाच सुसाट निघून गेला.